वाजत नसलेल्या गजराचा दोष पेशंटच्या माथी

कोल्हापुरात सध्या व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय. त्याचा सार असा: ‘आरोग्याची ॲपं फुकट मिळतात, पण गावाकडच्या आणि वयस्कर पेशंटना ती जमतच नाहीत. गोळीचा गजर वाजला तरी लक्ष देत नाहीत, थोड्याच दिवसांत ॲप सोडून देतात. आभा कार्ड (सरकारी आरोग्य-ओळखपत्र) काढलं की सगळे रिपोर्ट आपोआप जमा होतात, तर तेही यांना नको.’

जमत नाही म्हणे. याच आज्या यूट्यूबवर कीर्तन लावतात, नातवाला व्हिडिओ कॉल करतात. गाडी अडते ती ओटीपीवर. आधारवरून आभाचा १४ अंकी क्रमांक काढताना ओटीपी जातो आधारला जोडलेल्या मोबाइलवर. तो नंबर पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाचा असतो, नाहीतर रिचार्ज संपून बंद पडलेल्या जुन्या सिमचा. मुलगा शिफ्ट संपवून फोन बघेपर्यंत ओटीपी बाद झालेला. म्हणून ॲपच्या आधी आधार केंद्र गाठावं. तिथं मोबाइल नंबर बदलायला कागदपत्र लागत नाही, पण पेशंटनं स्वतः जावं लागतं, कारण बोटांच्या ठशांसारखी ओळख पटवून द्यावी लागते.

गजराचं तर उलटंच आहे. बऱ्याचदा तो वाजतच नाही. अँड्रॉइड १३ पासून प्रत्येक नव्या ॲपला सूचना दाखवण्यासाठी परवानगी मागावी लागते. पहिल्यांदा ॲप उघडताना घाईत ‘नको’ दाबलं गेलं की ॲप गप्प. शिवाय बॅटरी वाचवायला फोन मागे चालणारी ॲपं बंद पाडतो. सेटिंग्जमध्ये ॲप्स, मग ते ॲप उघडा; नोटिफिकेशन चालू करा आणि बॅटरीत ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा. मग दोन मिनिटांनंतरचा गजर लावा, स्क्रीन बंद करून फोन बाजूला ठेवा. वाजला तरच काम झालं समजायचं.

आणि वाजला तरी वेळ कुणाची? थायरॉईडची गोळी उपाशीपोटी, चहा-नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. ॲपनं स्वतःहून धरलेली वेळ समजा सकाळी ८. इथं पहाटे पाचला धार काढून, डेअरीला दूध घालून, दोन कप चहा झालेला असतो. आठला ‘उपाशीपोटी गोळी घ्या’ असं आलं की माणूस ते पुसून टाकणारच, आणि त्यात चूक त्याची नाही. रात्रीच्या लायटीवर उसाला पाणी पाजणाऱ्याचं जेवणही रोज एका वेळेला होत नाही. गजर घड्याळाला नव्हे, त्या घरातल्या कामाला बांधावा: उठल्या उठल्या, धारेच्या आधी.

आभाबद्दलचा गैरसमज मात्र शिकलेल्यांतही आहे. आभा म्हणजे ओळख क्रमांक, कपाट नव्हे. दवाखान्याचं किंवा लॅबचं सॉफ्टवेअर आभाच्या सरकारी योजनेशी जोडलेलं असेल, त्यांनी रिपोर्ट तुमच्या क्रमांकाला लावला आणि तुम्ही संमती दिली, तरच तो फोनवर दिसतो. गल्लीतल्या लॅबचा छापील कागद कागदच राहतो; त्याचा फोटो आपणच ॲपमध्ये चढवायचा. एका फोटोत एकच पान, नाव आणि तारीख वाचता येईल असं. आधारवर ‘पांडुरंग’ आणि केसपेपरवर ‘पांडू’ असेल तर जुळणी अडते, तेव्हा नाव खिडकीवरच दुरुस्त करून घ्यावं. सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात) जाताना फाइल पिशवीत असू द्या.

मजकुरातलं एक मात्र खरं: पुष्कळ पेशंट महिन्या-दोन महिन्यांत ॲप सोडून देतात. रोज बीपी भरायचा आणि तो कुणीच बघायचा नाही, मग कशाला भरायचा? डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारून घ्या, हे आकडे तुम्ही बघणार का, आणि कधी. बघणार नसतील तर शंभर पानी वही पुरते. तारीख, वेळ, वरचा आकडा, खालचा आकडा, गोळी घेतली की नाही. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसायचं, आणि एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजायचं.