कोंबड्या कोंडणं म्हणजे आळस? : एका प्रतिक्रियेला उत्तर

आषाढातल्या खुराड्याबद्दल मी लिहिलं, त्यावर सांगोल्याच्या एका वाचकांची प्रतिक्रिया आली आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: अंडी उबायला 22 दिवस लागतात हे चूक, खर्चाचा हिशेब दिलेला नाही, आषाढ अमावास्येआधी सगळे कोंबडे विकून टाकता. आणि मग हे वाक्य: "पावसाळ्यात कोंबड्या दोन-दोन महिने कोंडून ठेवणं हा निव्वळ आळस आहे, आमच्याकडे कोंबडी बारा महिने मोकळी असते. हौशी लोकांनी शेती शिकवू नये."

आधी चूक कबूल करते. 21 दिवसच. खुडूक कोंबडी अंड्यांवर संध्याकाळी बसवली होती, मी तो दिवसही मोजला. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार.

आता आळसाबद्दल. आपला मुद्दा चर्चेचा असता तर मी आनंदाने बोलले असते. पण आपण प्रश्न विचारलाच नाही, थेट निकाल दिलात. आमच्या वस्तीवर न येता, एका फोटोवरून. ही भाषा मला लागली आणि तसं सांगायला मला संकोच वाटत नाही.

आमचं घर भोर तालुक्यात वेळवंड खोऱ्यात आहे, भाटघरच्या पाण्याच्या वरच्या अंगाला. सांगोल्यात वर्षभरात जेवढा पाऊस होतो, तेवढा आमच्याकडे आषाढाच्या एका पंधरवड्यात पडून गेलाय अशी वर्षं मी पाहिली आहेत. तुमच्या डाळिंबाच्या रानात कोंबडी मोकळी फिरत असेल, फिरू दे. आमच्या अंगणात त्या दिवसांत घोट्याएवढा चिखल असतो. कोंबडी त्यातच हगते, त्यातलंच टिपते, डबक्यातलं पाणी पिते. रक्ती हगवणीला याहून चांगली जागा नाही: ओल आणि ऊब मिळाली की विष्ठेतले जंतू दोन दिवसांत लागण करायच्या तयारीत येतात. पिल्लं तर भिजली की गारठूनच मरतात. शिवाय चहूबाजूंनी भावकीचे भाताच्या रोपांचे तरवे. माझ्या 60 कोंबड्या तासभर त्यात शिरल्या तर कुणाची लावणी होणार?

कोंडलं की काम संपतं असं ज्याला वाटतं, त्याने पावसाळ्यात खुराडं साफ केलेलं नाही. खाली भाताचं तूस तीन-चार बोटं जाड. रोज सकाळी मी दाताळ्याने ते खाली-वर करते. मग खाली बसून मूठभर तूस हातात घेऊन दाबते. मूठ उघडल्यावर ते भुगाभुगा सुटलं तर ठीक. लाडवासारखा गोळा तसाच राहिला तर तेवढा भाग काढायचा, चुना भुरभुरायचा, नवं तूस टाकायचं. बसल्या-बसल्या वासही कळतो. उभं राहून नाक खुपसलं तर काही कळत नाही, कोंबडीच्या उंचीवर डोळे चुरचुरले की समजायचं, हवा कोंडली आहे. वाऱ्याच्या बाजूचं पोतं वर गुंडाळायचं, झड आली की खाली सोडायचं. रात्री दोनदा तरी. तेच तूस खड्ड्यात कुजून दिवाळीनंतर माझ्या वांग्या-मिरचीला जातं. ताजं घातलं तर झाड करपतं, म्हणून ते चार महिने थांबणंही आलंच. आणि दोन महिने सलग कोंडते असं मी लिहिलेलंच नव्हतं. उघडीप मिळाली की दार उघडं असतं. श्रावणातल्या ऊन-पावसात तर दुपारभर त्या बाहेरच असतात.

हौशी म्हणालात, म्हणून घरचं सांगते, एरवी सांगितलं नसतं. मी आठवीत असताना आईच्या 11 कोंबड्या होत्या. माझ्या वह्या त्यांच्या अंड्यांवर यायच्या. त्या आषाढात कोंबड्यांवर मानमोडीची साथ आली. सकाळी डालगं उचललं तर तीन मेलेल्या, आणि एक तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, मान पाठीकडे पिळून जागच्या जागी गिरक्या घेत होती. आठवडाभरात एकही उरली नाही. आईने परसात खड्डा खणला, मी पाऊस अंगावर घेत माती ओढली. पुढची दोन वर्षं तिने कोंबडी पाळली नाही. आज माझ्याकडे पिल्लू सात दिवसांचं झालं की मानमोडीवरच्या लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात जातोच. लस बर्फाच्या थर्मासमधून आणते, पिल्लू मुठीत धरते, थेंब टाकल्यावर ते डोळा मिटून उघडेपर्यंत सोडत नाही, कारण त्याआधी मान झटकली तर थेंब बाहेर जातो. 40 पिल्लं असतील तर 40 वेळा. याला हौस म्हणायचं असेल तर म्हणा, पण मग माझ्याशी शेतीवर बोलू नका.

बाकीचे मुद्दे किरकोळ आहेत. कोंबडे आषाढ अमावास्येआधी विकते कारण गिऱ्हाईक तेव्हाच असतं. श्रावण लागला की दारात कुणी येत नाही, आणि न विकलेला कोंबडा दाणे खातच राहतो. हिशेब त्या लेखाचा विषयच नव्हता. लिहीन तेव्हा लिहीन.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. 22 दिवसांची चूक मी सगळ्यांसमोर सुधारली. "आळस" हा शब्द तुम्हीही तसाच, इथेच, मागे घ्यावा अशी माझी अपेक्षा आहे.