वाई तासाभरात होत नाही: फिरणाऱ्या एका मजकुराला उत्तर

सुट्ट्या जवळ आल्या की महाबळेश्वरला निघणाऱ्यांच्या मोबाइलवर एक मजकूर फिरू लागतो. त्यात सातारा जिल्ह्यातल्या, कृष्णा नदीकाठच्या वाईबद्दल पाच गोष्टी ठासून सांगितलेल्या असतात: वाईत ढोल्या गणपतीशिवाय पाहण्यासारखं काही नाही, तासाभरात उरकतं, वाई म्हणजे महाभारतातली विराटनगरी, त्यामुळे इथलं सगळं पांडवकालीन, मेणवलीचा घाट शूटिंगसाठी सजवलेला आहे, वाई पाहायची तर भर पावसाळ्यात, नदी दुथडी भरलेली असताना, आणि जाताना मानांकन मिळालेली वाईची हळद घ्या. हे वाचून लोक खरोखर तसंच करतात. गाडी नदीच्या घाटाशी लावतात, दर्शन घेतात आणि महाबळेश्वरकडे जाणारा पसरणी घाटाचा रस्ता चढू लागतात. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘ढोल्या गणपती पाहिला की वाई झाली’

ढोल्या गणपती तरी नीट पाहिला का, हा पहिला प्रश्न. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये हे देऊळ बांधलं. समोरून दर्शन घेऊन माघारी फिरणाऱ्यांना त्यातली सर्वांत हुशारीची गोष्ट दिसतच नाही. ती देवळाच्या पाठीमागे आहे. गाभाऱ्याची मागची भिंत सपाट नाही, मत्स्याकार म्हणजे टोकाकडे निमुळती आहे. पुराचा लोंढा सपाट भिंतीवर आदळला तर सगळा जोर त्या भिंतीवर येतो. निमुळत्या टोकाशी मात्र पाणी दुभंगतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं. मोठ्या पुरात पाणी देवळात शिरतंच. ते अडवायचा प्रयत्नच बांधणाऱ्यांनी केला नाही, त्याला वाट करून दिली. नदीच्या कडेला हे देऊळ अडीचशे वर्षांहून अधिक काळ उभं आहे त्याचं एक कारण हे. तेव्हा दर्शन झालं की देवळाला वळसा घालून मागे जा.

शेजारीच काशीविश्वेश्वराचं देऊळ आहे. आनंदराव भिकाजी रास्ते यांनी ते १७५७ मध्ये बांधलं, म्हणजे ते गणपतीच्याही आधीचं. तटबंदीचं आवार, दीपमाळ आणि काळ्या पाषाणाचा नंदी. नंदीच्या गळ्यातल्या घंटा आणि माळा जवळ बसून पाहण्यासारख्या आहेत. इतकी बांधकामं एकाच घराण्याची का, हेही लक्षात ठेवावं. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई रास्त्यांच्या, वाई त्यांचं माहेर. माधवराव पेशव्यांचं हे आजोळ. पेशवाईचा पैसा या नदीकाठी का आला, ते या नात्यातून कळतं.

आणि घाट? गणपती घाट हा सातांपैकी एक. गणपती आळी, मधली आळी, गंगापुरी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी आणि भीमकुंड आळी अशा सात आळ्या आणि त्यांचे घाट. माघापासून चैत्रापर्यंत कृष्णाबाईचा, म्हणजे देवी मानलेल्या कृष्णा नदीचा, उत्सव या घाटांवर आळीपाळीने होतो. देवी पालखीतून एका आळीकडून दुसरीकडे जाते, घाटावर मांडव पडतो, कीर्तनं होतात, हळदीकुंकू होतं, प्रसादाच्या पंगती उठतात. त्या दिवसांत आलात तर कोणत्या आळीचा उत्सव चालू आहे हे बाजारात कुणालाही विचारा आणि संध्याकाळी त्या घाटावर जा. वाई कशी जगते ते तिथे दिसतं, पुलावरून काढलेल्या फोटोत नाही.

वेळेचा हिशेब सांगतो. गणपती घाटावरची दोन देवळं नीट पाहायला दीड तास लागतो. नदी धरून बाकीचे घाट पायी करायचे तर आणखी दोन तास धरा. आळ्या अरुंद आहेत. गाडी आत नेलीत तर वळवायलाच अर्धा तास जातो आणि राहणाऱ्यांची वाट अडते, म्हणून ती गावाबाहेरच्या बाजूला सोडा. एसटी स्टँडवरून गणपती घाट पायी जाण्याइतकाच लांब आहे. सकाळी लवकर या; दुपारी फरशी तापते आणि अनवाणी चालणं अवघड होतं.

देवदर्शनापलीकडे काही नाही, असंही त्याच मजकुरात सुचवलेलं असतं. ज्या गावात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोश तयार झाला, ज्याचा पहिला खंड १९७६ मध्ये आला, त्या गावाबद्दल हे लिहिणं अन्यायाचं आहे. विश्वकोशाचं कार्यालय हे कामाचं ठिकाण आहे, प्रेक्षणीय स्थळ नव्हे; पण ज्ञानाचं एवढं काम एका तालुक्याच्या गावात झालं हे मुलांना घाटावर उभं राहून जरूर सांगा.

‘सगळं पांडवकालीन’

विराटनगरीची कथा लोकपरंपरेत आहे, ती तशीच सांगावी. बांधकामांचा काळ मात्र वेगळा आहे. देवळं आणि घाट मुख्यतः अठराव्या शतकातले, पेशवाईतले. पांडवगड आणि वैराटगड हे किल्ले शिलाहार राजा दुसरा भोज याचे मानले जातात, म्हणजे बाराव्या शतकातले. लोहाऱ्याची लेणी बौद्ध आहेत. पांडवांचं नाव लावलं की या तिन्ही काळांतलं अंतर पुसलं जातं आणि खरे बांधणारे विसरले जातात.

‘मेणवलीचा घाट शूटिंगसाठी सजवलेला’

उलट आहे. घाट आधीचा, कॅमेरे नंतर आले. मेणवली वाईपासून जेमतेम ३ किलोमीटर. हे गाव नाना फडणवीसांना इनाम मिळालं, त्यांनी नदीकाठी वाडा बांधला आणि वाड्याच्या मागे चंद्रकोरीच्या आकाराचा घाट. घाटावर मेणेश्वराचं आणि विष्णूचं अशी दोन देवळं आहेत.

तिथली घंटा सेटवरची समजून लोक बडवत बसतात, हे पाहून वाईट वाटतं. ती पोर्तुगीज चर्चची घंटा आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा विजयचिन्हं म्हणून आणल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकराची आणि भीमाशंकरची घंटा याच मोहिमेच्या खुणा. मेणवलीच्या घंटेवर १७०७ हे साल आणि बाळ येशूसह मेरीची आकृती आहे. जवळ जाऊन शोधा, दिसते. वाजवायचीच तर एकदा, हलक्या हाताने.

वाडा सहा चौकांचा आहे आणि खासगी मालकीचा आहे, म्हणून आत जाण्याची वेळ आणि शुल्क दारातच विचारून घ्या. भिंतींवरची चित्रं हा त्याचा खरा ठेवा. हात लावू नका, पाठ टेकू नका, फ्लॅश मारू नका. हाताचा घाम आणि तेलकटपणा जुन्या रंगाचा थर सोडवतो, आणि सुटलेला थर परत बसत नाही.

तिथून पुढे धोम. धरणाची भिंत पाहून परत फिरू नका. गावातल्या देवळाच्या आवारात कमळाच्या आकाराचं कुंड आहे, त्यात कासवाच्या पाठीवर नंदी. कुंडात पाणी असलं की कासव पाण्यातून वर आल्यासारखं दिसतं.

‘भर पावसाळ्यात या’

या सल्ल्यामुळे जीव जाऊ शकतो. वाईच्या वर कृष्णेवर बलकवडी आणि धोम ही धरणं आहेत. धोमची साठवण सुमारे १३.५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. महाबळेश्वरच्या डोंगरात कोसळलेला पाऊस धरणात येतो, दरवाजे उघडतात आणि वाईत ऊन असतानाही पात्रातलं पाणी चढतं. आकाशाकडे बघून अंदाज येत नाही. खालच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलेलं असतं, पाय घसरला तर धरायला काही नसतं. विसर्गाचा इशारा असेल तर वरच्या पायरीवरूनच पाहा आणि मुलांचा हात सोडू नका.

चांगला काळ नोव्हेंबर ते मार्च. फक्त रंगपंचमीला बावधनच्या बगाडाची यात्रा असते. सोनेश्वरहून बावधनला बैलजोड्या बगाड, म्हणजे नवसाचा उंच लाकडी गाडा, ओढत नेतात, गर्दी प्रचंड असते आणि वाई-सातारा वाहतूक खोळंबते. बगाड पाहायचं असेल तर पूर्ण दिवस हाताशी ठेवा. नसेल तर त्या दिवशी या रस्त्याने येऊ नका.

‘मानांकन मिळालेली वाईची हळद’

नावाच्या सारखेपणाची ही गफलत आहे. भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे ठरावीक भागातल्या मालाला त्या भागाच्या नावाने मिळणारी अधिकृत ओळख, मिळालं ते वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला, आणि नंतर सांगलीच्या. वाईच्या बाजारात हळद चांगली मिळते, पण मानांकनाच्या नावावर जास्त पैसे देऊ नका. पूड न घेता हळकुंड घ्या आणि मोडून बघा: चांगलं वाळलेलं हळकुंड वाकत नाही, कट्कन तुटतं, आणि आतून गडद नारिंगी-पिवळं असतं.