उचलण्याआधी थोडे थांबा : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया परखड आहे आणि तिच्यातला अर्धा भाग मला मान्यच करावा लागतो. घरट्यातून पडलेल्या पिलाला हात लावू नये, निसर्गाला त्याचे काम करू द्यावे, असे मी लिहिले होते. त्यावर, ज्या माणसाने जंगले तोडली आणि त्यांतून रस्ते काढले त्यानेच जखमी प्राण्यासमोर निसर्गनियमाचा दाखला देणे हा कांगावा आहे, असे आपण म्हणता. वाहनाची धडक बसलेला किंवा जाळ्यात अडकलेला प्राणी निसर्गाच्या हवाली करण्यात खरोखरच अर्थ नाही, कारण त्याची ती अवस्था निसर्गाने केलेली नसते. माझे वाक्य सरसकट होते. ते मी मागे घेतो. २००० साली दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ ‘ट्रेझर’ हे जहाज बुडून सुमारे १९,००० पेंग्विन तेलाने माखले, तेव्हा स्वयंसेवकांनी ते पक्षी धुऊन काढले आणि त्यांतले बहुतेक पुन्हा समुद्रात सोडता आले. त्यांना मरू द्यायला हवे होते, असे मी कोणत्या तोंडाने म्हणणार?

मात्र ‘जीव तडफडत असताना विचार कसला करायचा, आधी उचलायचे’ हे आपले म्हणणे मला पटत नाही, कारण ज्याला आपण पोरके समजतो ते पिलू पुष्कळदा पोरके नसतेच. हरिणी पाडसाला गवतात लपवून तासन्‌तास दूर चरत राहते, आणि ती जवळ वावरत नसल्यामुळे शिकारी प्राण्याला माग लागत नाही म्हणूनच ते पाडस वाचते.

काही वर्षांपूर्वी मीही बुलबुलाचे एक पिलू असेच उचलले होते. अंगभर पिसे, बोटाच्या पेराएवढी शेपूट, चोचीच्या कोपऱ्यांशी फिकट पिवळी कड. म्हणजे घरट्याबाहेर पडून उडायला शिकण्याचे त्याचे वय होते, पण मला ते पडलेले वाटले. कापसाच्या बोळ्याने मी त्याच्या चोचीत पाणी पिळले. पक्ष्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते, हे तेव्हा ठाऊक नव्हते. संध्याकाळच्या आत पिलू गेले. त्याची आई तोवर शेजारच्या फांदीवर चोचीत अळी धरून बसली होती, आणि ती कोणासाठी आहे हे माझ्या ध्यानातही आले नव्हते. (माणसाचा हात लागला की आई पिलाला टाकते, ही समजूतही खोटीच, पिलू फांदीवर परत ठेवले असते तरी भागले असते.)

उघड जखम असेल, हाड मोडलेले असेल किंवा आई शेजारी मरून पडली असेल, तर मदत जरूर करावी. पण ती म्हणजे हवेशीर, अंधाऱ्या खोक्यात ठेवणे, खायला-प्यायला काहीही न घालणे आणि जाणकाराला बोलावणे एवढीच. हरणासारख्या प्राण्याच्या मागे धावून त्याला पकडले, तर त्या धावपळीने आणि भीतीनेच त्याचे स्नायू निकामी होऊन तो पुढे काही दिवसांनीही दगावू शकतो. ससाण्याच्या तावडीतून कबुतर सोडवणे मात्र मला आजही मान्य नाही. ससाण्यालाही पिले असतात.

आपण वाढवलेली खार आता कोणाच्याही खांद्यावर चढते, असे आपण अभिमानाने लिहिले आहे. मला त्याचीच काळजी वाटते, कारण माणसाला न भिणारी खार मांजरालाही भिईल याची खात्री नाही. तिला एकदम झाडावर सोडू नका. वन्य प्राण्यांचे पुनर्वसन करणाऱ्यांना आधी दाखवा.