कॉम्प्रेस्ड सेन्सिंगने नायक्विस्टचा नियम मोडलेला नाही

सातारा-सांगलीकडच्या इंजिनीअरिंगच्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरतोय. त्याचा सारांश असा: कॉम्प्रेस्ड सेन्सिंगने, म्हणजे मोजक्या मोजमापांवरून पूर्ण सिग्नल उभा करणाऱ्या गणिताने, नायक्विस्टचा नियम मोडला, फ्रीक्वेन्सी अजाइल रडारला आता मोजके पल्स पुरतात, प्रत्येक लक्ष्य अचूक सापडतं, आणि असं रडार जॅम होत नाही, म्हणजे मुद्दाम सोडलेल्या गोंगाटाने निकामी करता येत नाही. यावर विसंबून फायनल इयरचे प्रोजेक्ट ठरतायत, म्हणून हे लिहितोय.

नायक्विस्टपासून सुरुवात करू. सिग्नलमधल्या सर्वात मोठ्या फ्रीक्वेन्सीच्या दुपटीहून जास्त वेगाने नमुने घेतले की तो पुरता परत उभा करता येतो, असं तो नियम सांगतो, आणि ठरावीक बँडविड्थमधल्या (फ्रीक्वेन्सीच्या पट्ट्यातल्या) कुठल्याही सिग्नलला लागू पडतो. कॉम्प्रेस्ड सेन्सिंगचा पाया घालणारे कांदेस, रोमबर्ग, ताओ आणि डोनोहो या संशोधकांचे २००६ मधले निष्कर्ष फक्त विरळ सिग्नलसाठी आहेत, म्हणजे ज्यात बहुतेक घटक शून्य असतात अशांसाठी. अटच वेगळी, मग नियम मोडला कुठे?

ही विरळतेची अट रडारमध्ये काय करते ते बघा. फ्रीक्वेन्सी अजाइल रडार दर पल्सला, म्हणजे सोडलेल्या लहरींच्या प्रत्येक झटक्याला, फ्रीक्वेन्सी बदलतं. समजा ५ मेगाहर्ट्झच्या ६४ पायऱ्या आहेत आणि पल्सही ६४. एकट्या पल्सला ३० मीटरपेक्षा जवळच्या दोन वस्तू वेगळ्या दिसत नाहीत. सगळ्या पायऱ्या मिळून ३२० मेगाहर्ट्झ होतात आणि तेच अंतर सुमारे ४७ सेंटिमीटरवर येतं. पण त्या ३० मीटरच्या खणात अंतराची ६४ घरं आणि वेगाची ६४, म्हणजे अंतर आणि वेगाच्या जोड्या होतात ४०९६, आणि हाती मोजमापं फक्त ६४. नेहमीचा मॅच्ड फिल्टर (परतलेला सिग्नल अपेक्षित प्रतिध्वनीशी ताडून बघणारी पद्धत) लावला तर साइडलोब, म्हणजे खऱ्या शिखराच्या आजूबाजूचे खोटे उंचवटे, त्या शिखरापेक्षा सरासरी १८ डेसिबलच खाली राहतात. ट्रकजवळून जाणारी मोटारसायकल त्यात सहज बुडते. खणात लक्ष्यं मोजकीच असतील तर कॉम्प्रेस्ड सेन्सिंग तिला बाहेर काढू शकतं, आणि हे श्रेय त्याला द्यायलाच हवं.

आता तेच रडार चाळकेवाडीच्या पठाराकडे वळवा. पवनचक्कीच्या पात्याचा प्रत्येक भाग वेगळ्या वेगाने फिरतो, त्यामुळे तिचा प्रतिध्वनी डॉपलरच्या, म्हणजे वेगाच्या, कितीतरी घरांत पसरतो. त्या खणात विरळता उरतच नाही. अल्गोरिदम तरीही उत्तर देतो, आणि ते दिसतंही नीटनेटकं. मला सगळ्यात जास्त धोका इथेच वाटतो.

मोजके पल्स पुरतात, हेही अर्धंच खरं. पल्स निम्मे केले की लक्ष्यावरून परतणारी एकूण ऊर्जाही निम्मी होते, म्हणजे ३ डेसिबलचा तोटा. गोंगाटात बुडालेली ऊर्जा कुठलंही गणित निर्माण करत नाही.

अचूकतेचं म्हणाल, तर लक्ष्य आपण आखलेल्या अंतर-वेगाच्या ग्रिडच्या बिंदूवर येऊन थांबत नाही. ते दोन बिंदूंच्या मध्ये असलं की एकाच वस्तूची ऊर्जा आजूबाजूच्या घरांत सांडते आणि खोटी लक्ष्यं उगवतात. ग्रिड बारीक केली तर शेजारच्या बिंदूंचे अपेक्षित प्रतिध्वनी (गणितातले स्तंभ) इतके सारखे होतात की अल्गोरिदम गोंधळतो.

जॅमिंगला टक्कर देते ती फ्रीक्वेन्सीची उडी. पुढची फ्रीक्वेन्सी जॅमरला आधी कळत नाही, एवढंच. संपूर्ण पट्ट्यावर गोंगाट ओतणारा जॅमर तिलाही त्रास देतो. बिघडलेले पल्स ओळखता आले, तर ते टाकून उरलेल्यांवरून चित्र उभं करायला कॉम्प्रेस्ड सेन्सिंग उपयोगी पडतं.

प्रोजेक्ट करणाऱ्यांनी सिम्युलेशनमध्ये लक्ष्य मुद्दाम ग्रिडच्या मधोमध ठेवावं, शेजारी २० डेसिबल कमी ताकदीचं दुसरं ठेवावं, गोंगाट मिसळावा, आणि किती सापडली याच्या शेजारच्याच रकान्यात खोटी किती निघाली तेही छापावं.