रात्रीच्या एसीला दुप्पट दर? नाही

ऐरोली-घणसोलीतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतंय की स्मार्ट मीटर बसला की संध्याकाळनंतर युनिटचा दर दुप्पट होतो. महावितरणच्या घरगुती ग्राहकांसाठी हे खोटं आहे. 1 जुलै 2025 पासून स्मार्ट मीटरवाल्यांना लागू झाली ती सवलत: सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या वापरावर, 2025-26 मध्ये युनिटमागे 80 पैसे. दुपारी सौर वीज मुबलक आणि स्वस्त असते, म्हणून ही वेळ. संध्याकाळी जादा आकार घरगुती वापराला नाही.

दोन किलोवॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट; सकाळी सातऐवजी नऊनंतर लावलात तर त्या दराने वाचतात 80 पैसे. दिवसभर घर बंद ठेवून ऑफिसला जाणाऱ्यांना (म्हणजे निम्म्या नवी मुंबईला!) फायदा किरकोळच.