पावती असेल तर ग्राहक, नसेल तर?

माझ्या मामांच्या पाठदुखीला सात महिने सायटिका म्हणत होते. पट्टा, गोळ्या, शेक, पुन्हा गोळ्या. शेवटी पाय लुळे पडायला लागले तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी एमआरआय काढायला लावला आणि मणक्याचा टीबी निघाला. मामा परभणीचे, दवाखाना पुण्यातला. नाव विचारू नका, सांगणार नाही.

घरात सगळे वकील झाले. एक जण म्हणाला पोलिसांत द्या, दुसरा म्हणाला मेडिकल कौन्सिलला कळवा, तिसऱ्याने वर्तमानपत्रात ओळखी काढल्या. मी त्या काळात बरंच वाचलं, म्हणून लिहितोय. मी वकील नाही.

पोलिसांचं दार अरुंद आहे, आणि ते तसंच असावं असं मला वाटतं. जेकब मॅथ्यू खटल्यात 2005 साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की डॉक्टरवर फौजदारी लावायची तर हलगर्जीपणा घोर हवा, नुसती चूक पुरत नाही. कौन्सिल नोंदणी निलंबित करू शकते, पण मामांच्या बुडालेल्या पगाराचा एक रुपयाही देऊ शकत नाही. उरतं ग्राहक आयोग. डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्यात येते हे 1995 पासून ठरलेलं आहे, व्ही. पी. शांता निकालापासून. 2019 च्या नव्या कायद्यातल्या 'सेवे'च्या व्याख्येत आरोग्यसेवा हा शब्द नाही, म्हणून आम्ही सुटलो, असं म्हणत डॉक्टरांची एक संघटना मुंबई हायकोर्टात गेली. 2021 मध्ये हायकोर्टाने आणि 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते फेटाळलं.

आता अधिकारक्षेत्राची गंमत बघा. जुन्या कायद्यात तक्रार करायची तर पुणे गाठावं लागलं असतं, म्हणजे दर तारखेला पाठीला पट्टा बांधून परभणी-पुणे. नव्या कायद्यात तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार चालते. ही एकच दुरुस्ती मला बाकी सगळ्या कायद्यापेक्षा मोलाची वाटते. वकीलच हवा असं नाही, आणि दिलेलं बिल पाच लाखांच्या आत असेल तर फीसुद्धा नाही.

दुसरा बदल पैशाचा. आधी किती भरपाई मागताय तेही धरलं जायचं. आता फक्त तुम्ही मोजलेली रक्कम बघतात: 50 लाखांपर्यंत जिल्हा, 2 कोटींपर्यंत राज्य, त्यावर राष्ट्रीय आयोग. सुप्रीम कोर्टाने एप्रिल 2025 मध्ये ही पद्धत वैध ठरवली. चुकलेल्या निदानाला हे माप विचित्रच बसतं. निदान होतं पाचशे-सातशेच्या तपासणी फीमध्ये, नुकसान मात्र जन्माचं. म्हणजे कोटीची मागणी असली तरी खटला जिल्ह्यातच. काही जणांना यात अन्याय दिसतो. मला दिसत नाही, घराजवळ आहे तेच बरं. फक्त त्या आयोगात माणसं नेमा हो! रिकाम्या जागांची दखल 2021 मध्ये खुद्द सुप्रीम कोर्टाला घ्यावी लागली होती.

चुकीचं निदान म्हणजे लगेच हलगर्जीपणा नव्हे, हेही सांगितलं पाहिजे. मणक्याचा टीबी सुरुवातीला साध्या एक्स-रेत दिसत नाही म्हणतात. पहिल्या महिन्याची चूक मी माफ करतो. सहाव्या महिन्यातही तपासणी न करता तीच गोळी, ही नाही. व्ही. किशन राव यांचा खटला वाचा. गृहस्थ स्वतः मलेरिया खात्यातले अधिकारी. 2002 साली बायकोला थंडी वाजून ताप येत होता, दवाखान्यात टायफॉइडचे उपचार चालले, बाई गेल्या. जिल्हा मंचाने (आताचा जिल्हा आयोग) दोन लाख दिले, वरच्या दोन्ही आयोगांनी तज्ज्ञाची साक्ष नाही म्हणून काढून घेतले. 2010 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते परत दिले आणि सांगितलं, प्रत्येक खटल्यात तज्ज्ञ डॉक्टरची साक्ष लागतेच असं नाही. हा निकाल नसता तर एका डॉक्टरविरुद्ध बोलणारा दुसरा डॉक्टर शोधण्यातच माणूस थकला असता.

पण मला खरं खुपतं ते वेगळंच. मामांच्याच गल्लीतल्या एका बाईंचं निदान सरकारी दवाखान्यात असंच चुकलं. त्यांना आयोगाचं दार बंद. शांता निकालातच आहे की जिथे सगळ्यांना मोफत उपचार मिळतात तिथला पेशंट ग्राहक नव्हे. केसपेपरचे किरकोळ पैसे भरले तरी नाही. आपल्याकडे 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाचे दवाखाने पूर्ण मोफत झाले. चांगलंच झालं. पण ज्याच्याकडे बिल नाही त्याने दिवाणी कोर्टातच जायचं का? तिथे काय होतं ते औरंगाबादच्या अच्युतराव खोडवा खटल्यात दिसतं. 1963 साली सिव्हिल हॉस्पिटलमध्ये शस्त्रक्रियेत पोटात टॉवेल राहिला, बाई दगावल्या. खालच्या कोर्टाने 36 हजार दिले, हायकोर्टाने काढले, सुप्रीम कोर्टाने ते सरकारकडून परत मिळवून दिले 1996 मध्ये. तेहेतीस वर्षं!

चूक तीच, आजार तोच, आणि दार कुठलं ते पावती बघून ठरतं. माझ्या मते संसदेने हा 'मोफत'वाला अपवाद काढून सरकारी दवाखाना आयोगापुढे आणावा. डॉक्टरच्या खिशातून नको, सरकारच्या तिजोरीतून भरपाई द्या.

मामांचं काय झालं विचाराल. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. कागद मागा, बाह्यरुग्ण असलात तरी मागा. भरती पेशंटचे कागद तर मागितल्यापासून 72 तासांत द्यायचा नियमच आहे. एवढं मी त्यांच्या मागे लागून सांगत होतो. ते म्हणायचे, "ऱ्हाऊ दे रे, पुन्हा त्यांच्याच दारात जायची पाळी आली तर?" मुदत गेल्या दिवाळीत संपली.