मागच्या बाकावरून दिसलेली वजाबाकी

पाठनिरीक्षण करताना, म्हणजे वर्गात मागे बसून दुसऱ्याचा तास पाहताना, छात्राध्यापकांनी (शिक्षक होण्यासाठी शिकणाऱ्यांनी) बाईंपेक्षा मुलांकडे जास्त पाहावं, हे पाठनिरीक्षणावरच्या लेखातलं म्हणणं एकदम पटलं. डी.एल.एड. या शिक्षक-प्रशिक्षण पदविकेच्या आंतरवासितेत (शाळेतल्या प्रत्यक्ष सरावात) मी जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीच्या वर्गात मागे बसायचे. पहिले चार दिवस वहीत नुसतं 'फलकलेखन सुवाच्य, आवाज स्पष्ट'. मग ५२ वजा २७ आलं. निम्म्या वर्गाचं उत्तर ३५! दोनातून सात जात नाहीत, म्हणून पोरांनी सातातून दोन काढले. बाईंनी चूक म्हटलंच नाही. दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे नि दोन सुट्या काड्या पुढ्यात ठेवून म्हणाल्या, "यातल्या सत्तावीस मला द्या." एकाने थोडा वेळ गठ्ठ्याकडे बघितलं आणि रबर काढून टाकलं. दशक सुटा करणं म्हणजे काय, ते मलाही (हो, मलाही!) तेव्हाच नीट कळलं.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'ऐवजी 'वीस एक' असं संख्यावाचन आलं, तेव्हा केवढी खिल्ली उडाली होती. पण 'बावन्न'मध्ये दोन आधी ऐकू येतात, म्हणून ते ऐकून २५ लिहिणारी मुलं मी त्या वर्गात मोजली होती. सात.

लेखात एक मात्र राहिलं. आमचा पट २२ होता, म्हणून एकेका मुलाकडे असं लक्ष देणं जमलं. दोन इयत्ता एकत्र बसवलेल्या वर्गात बाई काय करतात, तेही कुणीतरी लिहा.